करंगळी सोडून

"डावा हात दुखतो म्हणजे हार्टच ना, मॅडम?"

खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. वय ४७. कुशीत फाइल घट्ट धरलेली. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) फाइलमध्ये दोन महिन्यांतले तीन ईसीजी, एक इको, एक ट्रेडमिल टेस्ट. सगळं नॉर्मल. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ताई, टेन्शन कमी घ्या." म्हणून त्या माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. खरं तर नवऱ्याने आणल्या. तो बाहेर बसला होता आणि दार लोटताना एवढंच म्हणाला, "तुम्ही तरी समजवा हिला."

समजवायला वेळ लागला नसता. रात्री अडीचला जाग, छातीत धडधड, घाम, आता आपण जाणार असं वाटणं. पॅनिकचं वर्णन याहून वेगळं काय असतं? श्वासाचा व्यायाम शिकवायचा, पुढच्या आठवड्याची वेळ द्यायची, झालं.

पण मी एकदा पोळले आहे. काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक बाई येत. घरात दीर्घ आजारपण, सगळा भार त्यांच्यावर. दंड आणि खांदा भरून येतो म्हणायच्या. मी वहीत लिहिलं, "ताण, शारीरिक तक्रारी." तिसऱ्या भेटीत त्या सहज बोलून गेल्या, "जिना चढताना येतं, जबड्यापर्यंत जातं. पायरीवर बसले की थांबतं." मी सत्र तिथेच थांबवलं आणि त्यांना सोबत देऊन दवाखान्यात पाठवलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला. वेळेत निघाला, पण त्याचं श्रेय माझं नाही. पहिल्या दोन भेटींत मी मन भरपूर विचारलं होतं, हात विचारलाच नव्हता.

म्हणून या ताईंना आधी विचारलं, "रात्री पहिल्यांदा काय होतं? धडधड की दुखणं?"

त्या थांबल्या. "आधी हात. हातानेच जाग येते. मग वाटतं, आलाच अटॅक. मग धडधड."

हा क्रम महत्त्वाचा. भीती खरी होती, पण ती दुखण्याच्या मागून येत होती.

बोलता बोलता त्या डावा हात मनगटातून झटकत होत्या, पाऱ्याचा थर्मामीटर उतरवायला झटकतात ना, अगदी तसा. त्यांना पत्ताही नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "रात्री पण असंच करते. झटकला की बरं वाटतं. पलंगाखाली लोंबकळत सोडला तरी." झटकल्याने हार्ट अटॅकची कळ कमी होत नाही. मी म्हटलं, "मुंग्या कोणत्या बोटांत येतात, दाखवा." त्यांनी अंगठ्याला हात लावला, मग तर्जनीला, मधल्याला. अनामिकेवर जरा घुटमळल्या, "हे अर्धं." आणि करंगळी? त्यांनी ती हलवून पाहिली. "नाही. हिला काहीच नाही."

निदान करणं माझं काम नाही. मी एका कागदावर चार ओळी लिहिल्या: कोणती बोटं, किती वाजता, कशाने वाढतं, कशाने थांबतं. तो कागद घेऊन त्या परत डॉक्टरांकडे गेल्या. नसांची तपासणी झाली, रक्त तपासलं. मनगटातली नस दबली होती, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम. शिवाय थायरॉइड कमी निघाला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असतो.

मनगटात हाडं आणि एक चिवट पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ कंडरा जातात आणि त्यांच्यासोबत एक नस. थोडी सूज आली की जागा संपते आणि चिरडते ती नस. अंगठ्याच्या बाजूच्या साडेतीन बोटांची जाणीव तिच्याकडे, करंगळीची दुसरीकडे, म्हणून करंगळी सुटते. झोपेत मनगट मुडपलं जातं, म्हणून त्रास रात्रीचा. कळ वर कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंतही चढते आणि मग डावा हात दुखणारी बाई सरळ हृदयाच्या शंकेवर पोहोचते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे बरंच जास्त दिसतं. गरोदरपण, मधुमेह, थायरॉइड असेल तर आणखी.

अर्थात बाईचा हात दुखला की मनगटच, असंही नाही. मागे हात नेऊन हुक लागत नसेल, तर खांदा आखडलेला असू शकतो. चाळिशी-साठीच्या दरम्यान आणि मधुमेहात हे जास्त. तान्ह्या बाळाला उचलताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते ती वेगळी. मान वळवली की हातात वीज उतरते ती मानेची. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या असतील आणि हात जड, फुगलेला वाटत असेल, तर वर्षं उलटली तरी दाखवायचंच. लवकर दाखवलं तर सूज आटोक्यात ठेवणं सोपं जातं.

आणि हृदय? ताईंचा प्रश्न वेडा नव्हता. अटॅकमध्ये बायकांनाही छातीत दुखणं हेच सर्वांत जास्त आढळतं, पण त्यासोबत किंवा त्याऐवजी हात, जबडा, पाठ दुखणं, मळमळ, धाप, कारण नसताना गळून जाणं हेही त्यांच्यात दिसतं. हात डावाच हवा असं नाही. उजवा किंवा दोन्हीही दुखतात. हाताची कळ अचानक उठली आणि सोबत यातलं काही असेल किंवा दरदरून घाम असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही, स्वतः गाडी चालवत जायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची. चालताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ त्याच दिवशी दाखवायची. बसल्या जागी येऊ लागली किंवा थांबूनही जाईना, तर तीही तातडीचीच. मागच्या महिन्याचा नॉर्मल ईसीजी आजच्या नव्या कळेचं उत्तर देत नाही. हात अचानक लुळा पडला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे मिनिटं मोजायची असतात.

बाकीच्यांना थोडा अवकाश असतो, पण थोडाच. बधिरपणा दिवसाही राहू लागला, वस्तू हातातून सुटू लागल्या, अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसू लागला, तर नस जास्त दबली आहे. हात सुजून लाल-गरम झाला, ताप आला किंवा पडल्यावर वाकडा दिसला, तर त्याच दिवशी दाखवावं. साधं वाटणारं दुखणं दोन आठवड्यांत हटलं नाही, तरी दाखवावं.

ताईंना रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा मिळाला, थायरॉइडची गोळी सुरू झाली. भीती मात्र पट्ट्याने जात नाही. चार भेटी आम्ही त्यावर घालवल्या. दोन महिने घरात "तुला काही झालेलं नाही" हे ऐकून त्या दुखण्यापेक्षा जास्त दमल्या होत्या. एका भेटीत नवऱ्याला आत बोलावलं. तो पट्टा उलटसुलट करून बघत म्हणाला, "म्हणजे खरंच दुखत होतं." ताई काही बोलल्या नाहीत. बराच वेळ.

शेवटच्या भेटीला येताना त्या उजवा हात झटकत आल्या. मी बघते आहे हे लक्षात आल्यावर थांबल्या.

"हाही सुरू झालाय कालपासून."

मी विचारायच्या आत त्यांनीच मोजायला घेतलं. अंगठा, हे, मधलं आणि हे अर्धं.