वाचकांचे प्रश्न : लेखी हरकत कोण वाचतं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बार्शीचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमच्या ग्रुपवर रोज मोठ्या इंटरनेट कंपन्यांवर राग निघतो. आता ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, एका विषयावर लोकांच्या सूचना मागवल्या आहेत. त्यावर पाठवायचा तयार मजकूर कुणीतरी टाकला आहे, नाव घालायचं आणि पाठवायचं. मुलगी म्हणते, स्वतःचं लिहा. मला वाटतं, एवढ्या मोठ्या कंपन्यांपुढे माझा कागद कोण वाचणार? तयार मजकूर पाठवला तर काय बिघडलं?

उत्तर : गुरुजी, मुलीचं ऐका. असं ठामपणे सांगते कारण 2015-16 मध्ये नेमकं हेच घडताना पाहिलं आहे.

तेव्हा मी कराडच्या एसटी स्टँडजवळ सायबर कॅफे चालवत होते. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर एक योजना आणली होती. आधी तिचं नाव इंटरनेट डॉट ऑर्ग होतं, मग फ्री बेसिक्स झालं. ठरलेल्या यादीतल्या साइट फुकट, बाकीच्यांना पैसे. यादीत यायचं तर अटी फेसबुकच्या, आणि व्हिडिओ तर त्यात चालतच नसे. वर्तमानपत्रांत पान-पानभर जाहिराती होत्या, शहरांत होर्डिंग होती. मार्क झुकेरबर्गनी इंग्रजी दैनिकात लेख लिहिला, त्यात महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचं उदाहरण होतं : हवामान बघतो, बाजारभाव बघतो, आता नवी पिकं घेतो.

तो लेख वाचून मला चीड आली. शेतकऱ्याला हवामान आणि भाव कळावेत, यात वाईट काहीच नाही. चीड होती ती त्याला काय लागेल हे दुसऱ्याने आधीच ठरवून टाकण्याची. माझ्याकडे येणारी माणसं सातबारा मागायची, दहावीचा निकाल, स्कॉलरशिपचा फॉर्म, रेल्वेचं तिकीट. आणि एकदा खुर्चीवर बसली की भलतंच काही विचारायची. उसाच्या पानावरच्या डागांचा फोटो शोधायला आलेला माणूस जाताना ठिबकच्या अनुदानाची माहिती छापून न्यायचा. इंटरनेट पहिल्यांदा वापरणाऱ्याला आपल्याला काय हवंय ते वापरतानाच उमगतं. यादी हातात दिली की ते उमगणंच थांबतं.

गिऱ्हाइकं मात्र सरळ विचारायची, 'ताई, फुकट देतायत तर तुमच्या पोटात का दुखतं?' प्रश्न खरा होता. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने थोडं तरी का घेऊ नये? मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं, की फुकट द्यायचंच तर महिन्याला थोडा डेटा फुकट द्या, तो कुठे वापरायचा ते माणूस बघेल.

डिसेंबर 2015 मध्ये ट्रायने वेगवेगळ्या साइटना वेगवेगळा दर लावण्याबद्दल चार प्रश्न काढले आणि मतं मागवली. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांपुढे तयार मजकूर ठेवला : फ्री बेसिक्स वाचवा, बटण दाबा, ट्रायला ईमेल जाईल. लाखोंनी दाबलं. ट्रायकडे सुमारे 24 लाख प्रतिक्रिया आल्या, त्यातल्या बहुतेक याच बटणाच्या. मतमोजणी असती तर निकाल तिथेच लागला असता.

पण ट्राय मतं मोजत नव्हतं. ट्रायने फेसबुकला पत्रातून सुनावलं की या मजकुरात आमच्या चार प्रश्नांची उत्तरंच नाहीत, आणि विचारपूर्वक चाललेल्या सल्लामसलतीचं तुम्ही घडवून आणलेल्या बहुमताच्या कौलात रूपांतर करताय. 8 फेब्रुवारी 2016 ला नियम आला : कोणती साइट बघता त्यावरून डेटाचा वेगळा दर लावता येणार नाही, लावल्यास दिवसाला 50 हजार, जास्तीत जास्त 50 लाख रुपये दंड. नियमासोबतच्या टिपणात ट्रायने म्हटलं, की देशातले पुष्कळ लोक अजून जोडलेच गेले नसताना इंटरनेट कसं दिसावं हे कंपन्यांच्या हाती देता येणार नाही. माझ्या कॅफेतला अनुभव मी ट्रायला लिहून पाठवला होता. तो कुणी वाचला की नाही याने फरक पडत नाही. टिपणातलं हे वाक्य वाचताना मला खुर्चीवर बसलेली माझी माणसं दिसली. काही दिवसांतच फेसबुकने भारतातून योजना गुंडाळली.

विरोधकांकडेही तयार मजकूर होते. एप्रिल 2015 मध्ये, आधीच्या सल्लामसलतीत, दहा लाखांवर ईमेल गेले ते तशाच सोयीने. पण तो मजकूर ट्रायने विचारलेल्या प्रश्नांना एकेक करून उत्तर देत होता. म्हणून गुरुजी, ग्रुपवरचा मजकूर वाचा जरूर. त्यात प्रश्नक्रमांक घालून उत्तरं नसतील तर बाजूला ठेवा. सगळ्या प्रश्नांना हात घालू नका, ज्यावर तुमच्याकडे शाळेतला, गावातला अनुभव आहे तेवढेच घ्या.

प्रश्न : 2021 मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या गोपनीयता धोरणावर माझ्यासह सगळे चिडून सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर गेले आणि महिन्याभरात व्हॉट्सॲपवर परत आले. मग त्या रागाचा उपयोग काय झाला? (वाचक, ठाणे)

उत्तर : झाला. अट होती 8 फेब्रुवारीपर्यंत नवं धोरण मान्य करण्याची. लोक बिथरल्यावर कंपनीने वर्तमानपत्रांत पान-पानभर खुलासे दिले आणि मुदत 15 मेपर्यंत ढकलली. पुढे मान्यता न देणाऱ्यांचीही खाती बंद केली नाहीत.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते स्पर्धा आयोगाचं काम. बाजारातल्या मोठ्या कंपन्यांच्या मनमानीवर लक्ष ठेवणारी ही सरकारी संस्था. आयोगाने स्वतःहून दखल घेतली. 2016 च्या धोरणात जुन्या वापरकर्त्यांना जाहिरातींसाठी फेसबुकला माहिती देण्यास नकार देता येत होता, 2021 मध्ये तो पर्याय काढला होता. सगळे नातेवाईक, दुकानदार, शाळेचे ग्रुप तिथेच असताना 'नको असेल तर सोडा' याला निवड म्हणता येत नाही, हे तुमचं परत येणंच दाखवत होतं. त्यामुळे परत आल्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. नोव्हेंबर 2024 मध्ये आयोगाने मेटाला, म्हणजे फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, 213.14 कोटी रुपये दंड केला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली.