सिनियर पास घ्यायचा की नाही?

प्रश्न: ताई, आम्ही अमेरिकेत असतो, सासूबाई ६५ वर्षांच्या, ग्रीन कार्ड आहे. नॅशनल पार्कचा स्वस्तातला पास त्यांना मिळेल का आणि मग आमचं तिकीट वेगळं काढायचं का?

उत्तर: नक्की मिळेल! ६२ पूर्ण झालेले सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले यांना सिनियर पास मिळतो, वर्षाचा २० डॉलर आणि आयुष्यभराचा ८०, आणि वर्षाचे चार पास जमले की ते देऊन आयुष्यभराचा घेता येतो त्यामुळे पहिल्यांदा २० वालाच घेतलात तरी पैसे वाया जात नाहीत. मी तर म्हणेन फिरायची हौस असेल तर सरळ ८० वालाच घ्या. जिथे गाडीमागे फी असते तिथे त्याच गाडीतले तुम्ही सगळे त्यातच आत जाता, पण सासूबाई सोबत हव्यात आणि त्यांचं फोटो आयडी पण, नुसता पास घेऊन तुम्ही दोघंच गेलात तर चालत नाही. ऑनलाइन घेतला तर वर प्रोसेसिंग फी लागू शकते, त्यापेक्षा गेटवर घ्या. स्टेट पार्कला मात्र हा पास चालत नाही हं, त्यांचे पास वेगळे. आणि भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना हा मिळत नाही.