नंबरनं उघडतं, नावानं नाही: सर्व्हरला हात लावू नका

भाऊ, ब्राउझरमध्ये सर्व्हरचा नंबर (आयपी पत्ता) १९२.१६८.१.५० टाकला की रजेच्या अर्जाचं पान उघडतं आणि ‘कार्यालय’ टाकलं की गूगलचा शोध समोर येतो, म्हणजे तुमचा अपाची, म्हणजे पानं पुरवणारा वेब सर्व्हर, ठणठणीत आहे. त्याचं नाव फक्त त्यालाच ठाऊक आहे; इतवारीतल्या तुमच्या ऑफिसच्या बाकी बावीस मशीनना ते कोणी सांगितलंच नाही.

आधी नंबर पक्का करा. राउटरच्या डीएचसीपीत (मशीनना नंबर वाटणारी सोय) सर्व्हरच्या मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाची ओळख) तो राखून ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात लाइट गेली, राउटर परत सुरू झाला आणि सर्व्हरला नवाच नंबर मिळाला. अर्धा दिवस सगळे जुन्याच नंबरवर डोकं आपटत बसले, तेही त्या उन्हाळ्यात कूलर बंद असताना!

आता नाव. दोन-चार मशीन असते तर प्रत्येक मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये (नाव आणि नंबरांची यादी) एकेक ओळ टाकून मोकळे झाला असता. बावीस मशीन, वर मोबाइल. त्या नादी लागू नका. राउटरमध्ये लोकल डीएनएसची (नावावरून नंबर सांगणारी) सोय असेल तर तिथे नोंद करा, नाहीतर एखाद्या लिनक्स मशीनवर डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस प्रोग्रॅम बसवा. नाव ‘कार्यालय.इंटर्नल’ असं ठेवा. इंटरनेटच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅननं २०२४ मध्ये ‘.इंटर्नल’ खासगी वापरासाठी राखून ठेवलंय. ‘.लोकल’ घेऊ नका, ते एमडीएनएसचं (मशीन एकमेकांना थेट नाव विचारतात ती पद्धत) आहे.

खरी गोम पुढे आहे. डीएचसीपीत पहिला डीएनएस आपला आणि दुसरा ‘असू द्या’ म्हणून गूगलचा ८.८.८.८, हे बहुतेक जण करतात. पहिल्याला नाव माहीत नसलं की दुसऱ्याला विचारतात, असं काही नसतं. मशीन कधी याला विचारतं, कधी त्याला, आणि गूगलला तुमचं ‘कार्यालय’ माहीत असायचं कारण नाही. म्हणून सकाळी चालतं, दुपारी नाही. दुसरा काढून टाका. बाहेरची नावं डीएनएसमास्कच पुढे विचारेल. मात्र ते मशीन बंद पडलं तर सगळ्यांचं इंटरनेटही बसेल, म्हणून यूपीएसवर ठेवा.

तपासायला पिंग नको, थेट डीएनएसलाच नाव विचारणारी एनएसलुकअप ही कमांड वापरा. विंडोज आपसात ओरडूनही नाव शोधून घेतं, त्यामुळे पिंग चालतं आणि मोबाइलवर काहीच नाही. एनएसलुकअप बरोबर नंबर देत असूनही पान येत नसेल तर ब्राउझरमधलं ‘सुरक्षित डीएनएस’ (यात ब्राउझर बाहेरच्याच डीएनएसला विचारतो) बंद करून बघा. पान आलं पण भलतंच आलं, तरच अपाचीच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये (कोणत्या नावाला कोणतं पान, ते ठरवणारी सेटिंग) शिरा.