बेल्टवर चालणाऱ्या, इंजिन बसवलेल्या पेडलच्या सायकलीला ४९ सीसीऐवजी ७९ सीसी इंजिन बसेल का?

बसेल, पण इंजिनाआधी बेल्टचं बघा. जोर वाढला की सगळ्यात आधी इंजिनाकडची लहान पुली दगा देते. तिच्यावर बेल्टची पकड जेमतेम अर्ध्या घेराची. एक्सिलरेटर दिला की बेल्ट घसरतो, तापतो, कडा काळ्या चकचकीत होतात आणि जळक्या रबराचा वास येतो. नुसता ताण वाढवू नका, बेअरिंग जातं. त्याऐवजी बेल्टच्या ढिल्या बाजूला, लहान पुलीच्या जवळ, बाहेरून दाबणारी आयडलर पुली लावा, म्हणजे पकड वाढते. जागा असेल तर दोन्ही पुल्या त्याच प्रमाणात मोठ्या घ्या. रेशो तोच राहतो, बेल्टवरची ओढ मात्र कमी होते. पावसाळ्यात व्ही-बेल्टवर पाणी उडू नये म्हणून कव्हर हवंच.

क्लचचं भोक नव्या शाफ्टला बसतंय का, ते व्हर्नियरने मोजूनच घ्या. बेल्ट-बेअरिंग मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतील. जुना बेल्ट सोबत न्या. इंजिनाची रुंदी पेडलच्या क्रँकला आड येते, तेही आधी बघून ठेवा.

आता कळकळीने सांगतो: रिमवरचे रबरी ब्रेक या वेगाला पुरत नाहीत, ओल्या रिमवर तर नाहीच. पुढे डिस्क ब्रेक लावल्याशिवाय किक मारू नका.

आणि मोटार वाहन कायद्यात सूट आहे ती २५ सीसीपर्यंतच. तुमचं ४९ सीसीसुद्धा नोंदणीशिवाय रस्त्यावर चालत नाही, त्यामुळे ही गाडी खासगी आवारातच फिरवा.