सीटी स्कॅनवरून क्रॉन्सचे निदान होते का?

प्रश्न : माझा २३ वर्षांचा मुलगा पुण्यात शिकतो. सात महिन्यांपासून त्याच्या पोटात उजवीकडे खाली दुखते, जुलाब होतात आणि वजन नऊ किलोंनी घटले आहे. सोनोग्राफी आणि साधा सीटी स्कॅन झाला. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज असल्याचे अहवालात आहे. क्रॉन्स डिसीज (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) किंवा आतड्यांचा क्षयरोग असावा असे सांगून पोटविकारतज्ज्ञांनी आता कोलोनोस्कोपी आणि ‘सीटी एंटेरोग्राफी’ करायला सांगितली आहे. सीटी पुन्हा कशासाठी? त्यावरूनच निदान करून औषध सुरू करता येणार नाही का? आणि या वयात इतका किरणोत्सर्ग घातक नाही का?
— एक आई, सांगली

उत्तर : दोन्ही तपासण्यांना सीटी म्हणत असले तरी त्यांत मोठा फरक आहे. लहान आतडे रिकामे असताना त्याच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्यामुळे साध्या स्कॅनमध्ये कधी निरोगी आतडे जाड भासते, तर कधी खरी सूज झाकली जाते. एंटेरोग्राफीत रुग्णाला सुमारे पाऊण ते एक तासात, टप्प्याटप्प्याने, दीड लिटरच्या आसपास मॅनिटॉल किंवा तत्सम द्रव मिसळलेले पाणी पाजतात, शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारे औषध) देतात आणि आतडे फुललेले असतानाच काही सेकंदांत चित्रे घेतात. असे फुललेले आतडे निरोगी असेल तर त्याची भिंत साधारण ३ मिलिमीटरहून जाड नसते. पाणी पुरेसे प्यायले गेले नाही तर तपासणीचा दर्जा घसरतो, म्हणून मुलाला हे आधीच नीट समजावून सांगा. नंतर काही तास पातळ शौचास होईल, त्याने घाबरू नये. मात्र पोट फुगून उलट्या होत असतील, पूर्वी कॉन्ट्रास्टची रिअ‍ॅक्शन आली असेल किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर ते तपासणीआधी सांगणे आवश्यक आहे.

कोलोनोस्कोपीची दुर्बीण मोठे आतडे पाहून लहान आतड्याच्या शेवटच्या थोड्या भागापर्यंतच पोहोचते आणि तिला फक्त आतले अस्तर दिसते. भिंतीची पूर्ण जाडी, त्यापलीकडची चरबी, सुजेमुळे फणीच्या दातांसारख्या उठून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या, अरुंद झालेली जागा, एका आतड्यातून दुसऱ्यात पडलेली वाट किंवा पोटात साठलेला पू, हे सारे सीटी दाखवते.

आता आपला दुसरा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रॉन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या डॉक्टरांनी ज्या आजाराचे वर्णन केले, तोच हा क्रॉन्स; तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आढळला होता. आणि आपल्याकडे क्षयरोगही आतड्यात बहुधा त्याच परिसरात ठाण मांडतो. सीटीत मध्यभागी काळसर दिसणाऱ्या, म्हणजे आतून कुजलेल्या लसिकाग्रंथी असतील तर क्षयरोगाकडे संशय जोरात वळतो; पोटातले पाणी किंवा आखडलेले सीकम (मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग) याही त्याच बाजूच्या खुणा आहेत. याउलट, मध्ये निरोगी भाग सोडून अनेक ठिकाणी आलेली लांबलचक सूज आणि आतड्याभोवती वाढलेली चरबी क्रॉन्सकडे बोट दाखवते. परंतु कित्येक रुग्णांत यांपैकी ठळक असे काहीच नसते, म्हणून अहवालात ‘क्रॉन्सची शक्यता’ असे लिहिलेले असले तरी ते निदान नव्हे.

कोलोनोस्कोपीत वेगवेगळ्या जागांचे तुकडे घेऊन त्यांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, सीबीनॅट (क्षयजंतूंची जनुके शोधणारी चाचणी) आणि क्षयजंतूंचे कल्चर (ते वाढवून पाहणे) होणे म्हणूनच अपरिहार्य आहे. याच्या आधी केवळ सीटीच्या भरवशावर स्टेरॉइड सुरू करण्याचा आग्रह कृपया धरू नका, कारण आजार क्षयाचा निघाला तर स्टेरॉइडने तो पसरण्याचा धोका असतो. एवढ्या तपासण्यांनंतरही कधी कधी उलगडा होत नाही. अशा वेळी डॉक्टर क्षयाची औषधे सुरू करून साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात. तेव्हा ‘आता बरे वाटते’ एवढ्यावर थांबू नये. क्रॉन्सच्या रुग्णालाही त्या औषधांवर तात्पुरते बरे वाटू शकते, म्हणून व्रण प्रत्यक्ष भरले आहेत का, हे पाहावे लागते.

किरणोत्सर्गाची आपली शंका रास्त आहे. पोटाच्या अशा एका सीटीतून साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गातून माणसाला जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. निदानासाठी गरजेची असलेली एक तपासणी या भीतीने टाळू नये. पण क्रॉन्स निघाला तर देखरेख अनेक वर्षे चालणार आहे, आणि त्या काळात एमआर एंटेरोग्राफी (हीच तपासणी एमआरआयवर), आतड्याची सोनोग्राफी आणि शौचातील कॅलप्रोटेक्टिनची (आतड्याची सूज दाखवणाऱ्या प्रथिनाची) तपासणी यांवर भर असावा. त्यांत किरणोत्सर्ग नसतो. पोटात पू झाल्याचा किंवा आतडे अडल्याचा संशय नसेल आणि सोय व खर्च परवडत असेल, तर आताच सीटीऐवजी एमआर एंटेरोग्राफी चालेल का, हेही डॉक्टरांना जरूर विचारा.

सीटीच ठरली तर आधीच्या स्कॅनची सीडी रेडिओलॉजिस्टना आवर्जून द्या. एंटेरोग्राफीला सहसा कॉन्ट्रास्टनंतरची चित्रांची एकच फेरी पुरते आणि साध्या स्कॅनची फेरी पुन्हा घ्यावी लागत नाही.