नाताळच्या कुकीज : डब्यात भरण्याआधीचे प्रश्न

तारे, घंटा, झाडं असे आकार कापतो तेव्हा अगदी रेखीव असतात. ओव्हनमधून बाहेर येतात ते पसरट गोळे. काय चुकतं?

बहुतेक वेळा बटर फार मऊ असतं. ते ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळतं. पीठ आधीच कोमट असेल, तर मैदा आणि अंडं घट्ट धरायच्या आत बटर वाहतं आणि आकार त्याच्याबरोबर जातो.

प्रमाण असं घ्या : २०० ग्रॅम बटर, १५० ग्रॅम पिठीसाखर, १ अंडं, ३७५ ग्रॅम मैदा, पाव चमचा मीठ (बटर खारं असेल तर मीठ नको). बेकिंग पावडर अजिबात नको. कुकी फुगते आणि ताऱ्याची टोकं बोथट होतात. मोजायला वजनकाटाच वापरा. दाबून भरलेल्या आणि हलक्या हाताने भरलेल्या कपातल्या मैद्यात सहज २०-३० ग्रॅमचा फरक पडतो.

बोट दाबल्यावर खळगा पडेल पण तेलकट चमक दिसणार नाही, इतकंच बटर मऊ हवं. साखरेबरोबर ते एक-दोन मिनिटंच फेटा. केकसारखं हलकं होईपर्यंत फेटलं, तर आत भरलेली हवा ओव्हनमध्ये फुगते आणि मग खाली बसते. अंडं मिसळून मैदा घाला आणि गोळा जमला की थांबा. कणकेसारखं मळलं तर कुकी चिवट होते, शिवाय आक्रसते.

गोळा थंड करून मग लाटा, असं बरेच जण सांगतात. आम्ही उलटं सांगू. थंड गोळ्याला कडेने तडे जातात आणि तो लाटण्याजोगा होईपर्यंत पुन्हा कोमट होतो. त्यापेक्षा दोन बटरपेपरच्या मध्ये लगेच ५ मिलिमीटर जाडीची पोळी लाटा आणि ती तशीच आडवी तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मग आकार कापा, ट्रे १५ मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा आणि तिथून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये. १७५ अंशांना १० ते १२ मिनिटं. पंख्याचा ओव्हन असेल तर १६०. कडा फिकट सोनेरी झाल्या की काढा. मधला भाग कच्चा वाटला तरी निवताना घट्ट होतो.

पहिला ट्रे छान होतो, दुसरा बिघडतो. पीठ तर तेच!

ट्रे गरम असतो. त्यावर ठेवताच कुकीचं बूड वितळायला लागतं. दोन ट्रे आलटून पालटून वापरा. एकच असेल तर आकार बटरपेपरवर तयार ठेवा आणि ट्रे पूर्ण निवल्यावर कागद त्यावर सरकवा.

मुलं चार आणि सात वर्षांची आहेत. त्यांना कोणतं काम द्यावं? कच्चं पीठ चाखलं तर चालेल का?

नाही, बिनअंड्याचं असलं तरी नाही. अंड्याचा धोका सगळ्यांना माहीत असतो. मैदाही कच्चाच असतो आणि त्यातून ई. कोलायसारखे जिवाणू पोटात जाऊ शकतात, हे ध्यानात राहत नाही. चाखायला भाजलेली मोडकी कुकी द्या, ती निघतेच!

धाकट्याला साचा दाबायला द्या. साचा दर वेळी मैद्यात बुडवायचा आणि कडेपासून आत कापत जायचं, म्हणजे उरलेलं पीठ कमी राहतं. उरलेलं एकदाच पुन्हा लाटावं, नंतर कुकीज कडक होतात. थोरल्याला वजनकाट्यावर मोजू द्या. सजावट मात्र दुसऱ्या दिवशी ठेवा; भाजणं आणि सजवणं एकाच दुपारी केलं की मुलं कंटाळतात आणि आयसिंग कोमट कुकीवरून ओघळतं.

आयसिंग वाळलंसं वाटतं, पण डब्यात एकमेकांना चिकटतं. लाल रंगही पांढऱ्यात उतरतो.

वर पापुद्रा धरला म्हणजे आतून वाळलं असं नाही. पसरून भरलेलं आयसिंग उघड्यावर किमान ८ तास, दमट हवेत रात्रभर ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर दव धरतं आणि रंग फुटतात. आयसिंग फार पातळ असलं तरी हेच होतं. सुरीने मधोमध रेघ ओढा : ती १० ते १५ सेकंदांत मिटली तर भरण्यासाठी ठीक, त्याआधी मिटली तर आणखी आयसिंग शुगर घाला. पांढरं पूर्ण वाळल्यावरच शेजारी लाल भरा. रंग जेलचा घ्या, पाण्यासारखा पातळ नको. भेट द्यायची असल्याने आयसिंगमध्ये कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याऐवजी मेरिंग पावडर (अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्याची पूड) किंवा अंड्याचं पाश्चराइज्ड पांढरं वापरा.

घरी कुरकुरीत असतात, भेट उघडेपर्यंत सादळतात.

दोन कारणं : कोमट असताना डबा लावणं आणि मऊ-कुरकुरीत कुकीज एकत्र भरणं. मऊ कुकीतला ओलावा शेजारणीत जातो. जाळीवर निदान तासभर निवू द्या आणि प्रत्येक प्रकाराला वेगळा डबा ठेवा. पेपरमिंटच्या कुकीज तर स्वतंत्रच, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तोच वास येतो. बिनआयसिंगच्या सादळल्या असतील, तर १५० अंशांना पाच मिनिटं ठेवून पुन्हा निववा.

घाई टाळायची तर लाटलेलं पीठ कागदासकट गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा, दोन-तीन महिने टिकतं. भाजणं भेटीच्या चार-पाच दिवस आधी.

कुरिअरने पाठवायच्या आहेत. तुटू नयेत म्हणून काय करू?

बारीक टोकांचे आकार पाठवूच नका. हिमकण हमखास मोडतो. गोल, चौकोन, जाड हृदय बरं. दोन-दोन कुकीज पाठीला पाठ लावून गुंडाळा, डब्यात उभ्या रचा आणि मोकळ्या जागेत चुरगळलेला कागद भरा. डबा हलवल्यावर आवाज आला तर अजून कागद हवा. तो डबा मोठ्या खोक्यात, चारही बाजूंना कागद घालून ठेवा. वर चिठ्ठी चिकटवा : भाजल्याची तारीख आणि गहू, दूध, अंडं, सुकामेवा यांपैकी आत काय आहे ते. बदामाची पूड त्याच भांड्यात दळली असेल, तर तेही लिहा.