ऑनलाइन कोर्समध्ये विद्यार्थ्यांना खरंच समजतंय का, हे परीक्षेआधी कसं ओळखायचं?

प्रत्येक व्हिडिओनंतर ३-४ प्रश्नांची, गुण न धरता चाचणी ठेवा. खरी मेहनत चुकीच्या पर्यायांवर घ्या: हमखास होणारी चूकच पर्याय म्हणून द्या. १/२ + १/३ या बेरजेला २/५ हा पर्याय ठेवलात, तर तो निवडणाऱ्यानं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय हे लगेच कळतं. मग खाली नुसतं 'चूक' न दाखवता समान छेद का लागतो, ते तिथेच समजावा.

अभिप्राय कोर्स संपल्यावर मागितला, तर मधेच सोडून गेलेल्यांचं म्हणणं हाती लागतच नाही. दुसऱ्याच आठवड्यात निनावी फॉर्म द्या, प्रश्न दोनच: कुठे अडलात? काय बदलू? त्यावरून काय बदललं हे पुढच्या धड्यात आवर्जून सांगा, नाहीतर पुढचा फॉर्म कुणी मनापासून भरत नाही.